ओली वाळू काळी, ओला ढग पांढरा: अल्बेडो मोजणीच्या वहीतून

मागच्या नोंदीत मी मोठ्या थाटात लिहिलं होतं, की लक्समीटर (उजेड लक्स या एककात मोजणारं यंत्र) हातात आला, आता एका सुट्टीच्या दिवसात पृष्ठभागांचा तक्ता पुरा करते. त्या सुट्टीला चार महिने झाले. तक्ता अजून अर्धाच आहे आणि त्यातला पहिला रकाना मी स्वतःच्या हाताने खोडला आहे. तो का खोडला, ते आज सांगते.

नवीन आलेल्यांसाठी दोन ओळी. पृष्ठभागावर पडलेल्या सूर्यप्रकाशातला जेवढा भाग परत फेकला जातो, तो आकडा म्हणजे अल्बेडो. काहीच परत आलं नाही तर शून्य, सगळं आलं तर एक. शब्द लॅटिनमधल्या 'पांढरा'वरून आलेला, आणि योहान लॅम्बर्टने १७६० साली प्रकाशमापनावरच्या आपल्या ग्रंथात तो रूढ केला. मोजायची रीत ऐकायला सोपी आहे: सेन्सर आकाशाकडे करून रीडिंग घ्यायचं, मग उलटा करून जमिनीकडे, आणि दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागायचं.

पहिला घोळ माझ्याच अंगाचा निघाला. मीटर हातात धरून उलटा केला, की जमिनीबरोबर माझे पाय, गडद पँट आणि माझी सावली असं सगळंच त्याच्या नजरेत येतं. त्यावर उपाय म्हणून सेन्सर झाडूच्या लांब दांड्याच्या टोकाला बांधला आणि दांडा सूर्याच्या दिशेने पुढे धरला. सावली आपोआप पाठीमागे पडते. दुसरी गोष्ट उंचीची. उलटा सेन्सर खालचा नेमका किती भाग बघतो, याचं गणित सुटसुटीत आहे: सेन्सर h उंचीवर असेल, तर r त्रिज्येच्या वर्तुळातून येणाऱ्या प्रकाशाचा वाटा r²/(r²+h²). म्हणजे एक मीटर उंचीवरून एक मीटर त्रिज्येचा तुकडा मोजलात तर निम्मंच रीडिंग त्या तुकड्याचं, उरलेलं निम्मं शेजारच्या जमिनीचं. माझा हिरवळीचा चौकोन जेमतेम दोन मीटरचा. सेन्सर तीस सेंटिमीटरवर आणला तेव्हा कुठे ब्याण्णव टक्के प्रकाश खरोखर गवतावरून येऊ लागला. याहून खाली गेलं की सेन्सरची स्वतःची सावली त्रास देते, म्हणून तीसवर थांबले.

दुसरा घोळ ढगांनी केला आणि तो मला फार आवडला. आकाशात कापसासारखे सुटे ढग होते. वरचं रीडिंग घेतलं, दांडा फिरवला, खालचं घेतलं. मध्ये वीस सेकंद गेली असतील. सिमेंटच्या त्याच फरशीचा अल्बेडो एकदा ०.४१ आला, लगेच पुढच्या खेपेला ०.१९. मीटर बिघडला म्हणून सेल बदलले, वायर हलवून पाहिली. मग कंटाळून मीटर आकाशाकडे करून नुसती बघत बसले. निरभ्र तुकड्यात ९४,००० लक्स. ढगाची कड सूर्याजवळ सरकली, मला वाटलं आता आकडा उतरणार, तर तो चढला: १,०३,०००, १,११,०००, १,१८,०००. आणि मग एकदम कोसळून ३०,०००च्या खाली.

सूर्य अजून झाकलेला नाही, म्हणजे थेट ऊन पूर्ण मिळतंय, आणि वर ढगाच्या कडेवरून विखुरलेला प्रकाशही खाली येतोय. दोन्हींची बेरीज निरभ्र आकाशापेक्षा जास्त भरते. सौर पॅनलवाल्यांना हे चांगलं ठाऊक असतं, कारण अशा क्षणी इन्व्हर्टरला अपेक्षेपेक्षा जास्त ऊर्जा झेलावी लागते. काही ठिकाणी तर जमिनीवरचा आकडा वातावरणाबाहेरच्या १,३६१ वॅट प्रति चौरस मीटरच्याही वर गेल्याच्या नोंदी आहेत. क्षणभरच, पण गेल्याच्या. थोडक्यात, वरचं आणि खालचं रीडिंग एकामागून एक घेण्यात अर्थ नाही. आता दोन सेन्सर पाठीला पाठ लावून बसवले आहेत आणि दोन्ही आकडे एकाच क्षणी नोंदले जातात. हवामानकेंद्रांतले अल्बेडोमीटरही असेच दुतोंडी असतात. ते तसे का असतात, हे मला स्वतः आपटल्यावर कळलं.

आता तो खोडलेला रकाना. स्वच्छ आकाश, दुपार, वर ९२,००० लक्स. जुनी सिमेंटची फरशी खालून २७,००० देत होती, म्हणजे ०.२९. जुना, राखाडी पडलेला डांबरी रस्ता ९,८००, म्हणजे ०.११. इथपर्यंत पुस्तकातल्या आकड्यांशी छान जुळत होतं. मग हिरवळ: ६,४००. भागाकार ०.०७.

गवत डांबरापेक्षा काळं? बहुतेक तक्त्यांत गवताचा अल्बेडो ०.२०च्या आसपास किंवा वर सापडेल. मी तीन दिवस त्या चौकोनाभोवती फिरत होते. गवत कापलं, उंची बदलली, सकाळी मोजलं, दुपारी मोजलं. आकडा ०.०६ ते ०.०८च्या बाहेर जाईना.

चूक गवताची नव्हती आणि मीटरचीही नव्हती. लक्समीटर माणसाच्या डोळ्याची नक्कल करतो. हिरव्या-पिवळ्या प्रकाशाला भरपूर किंमत, निळ्या-लालला थोडी, आणि तांबड्याच्या पलीकडे शून्य. पण जमिनीवर येणाऱ्या सूर्याच्या ऊर्जेपैकी जवळजवळ निम्मी त्या पलीकडच्या अवरक्त भागात असते. मी अर्ध्या सूर्याचा हिशेबच धरला नव्हता. पानातलं हरितद्रव्य निळा आणि लाल प्रकाश खाऊन टाकतं, हिरवाही फारसा सोडत नाही. मात्र प्रकाशाच्या तरंगलांबीने ७०० नॅनोमीटर ओलांडले, म्हणजे तांबडा संपून अवरक्त सुरू झाला, की त्याची भूक संपते आणि पान एकदम उजळतं. त्या पट्ट्यात निम्म्याच्या आसपास प्रकाश परत येतो. अवरक्त छायाचित्रांत झाडं बर्फ पडल्यासारखी पांढरी दिसतात ती यामुळेच. उपग्रहांवरून पिकांची आणि जंगलांची तब्येत मोजतात तीही याच उडीवरून.

मग सिलिकॉनचा छोटा पायरॅनोमीटर (अवरक्तासकट उन्हाची ऊर्जा मोजणारं यंत्र) मिळवला आणि पुन्हा त्याच चौकोनावर गेले. वर ८४० वॅट प्रति चौरस मीटर, डांबर ९८, म्हणजे ०.१२. जवळपास पूर्वीसारखंच. गवत २१८, म्हणजे ०.२६! डोळ्याला जे जेमतेम डांबराच्या तोडीचं दिसतं, ते ऊर्जेच्या हिशेबात डांबराच्या दुपटीहून जास्त उजळ. जाणकार लगेच म्हणतील की ०.२६ थोडा जास्तच आहे, आणि ते बरोबर आहे. सिलिकॉनची नजर १,१०० नॅनोमीटरला संपते. त्याच्या पुढे, १,४५० आणि १,९०० च्या आसपास, पानातलं पाणी प्रकाश शोषतं आणि गवत पुन्हा काळं पडतं. तो भाग धरायचा तर थर्मोपाइलवाला, म्हणजे ऊन मुरून होणाऱ्या उष्णतेवरून मोजणारा महागडा पायरॅनोमीटर लागतो. तो माझ्याकडे नाही, त्यामुळे माझ्या हिरव्या नोंदी थोड्या फुगलेल्या असतात असं समजून वाचा.

बर्फाची गत याच्या उलट. ताजा हिम दिसणाऱ्या प्रकाशात ०.९५च्या वर, पण १,५०० नॅनोमीटरला जवळजवळ काळा. हिम जुना होऊन कण मोठे झाले, की आधी अवरक्तातला उजेड उतरतो. डोळ्याला तो तितकाच पांढरा वाटत असतो, आणि आत जास्त ऊन मुरायला लागलेलं असतं. डोळा हे या कामाचं उपकरण नाही. चार महिन्यांपूर्वी हे कुणी मला सांगितलं असतं तर मी वाद घातला असता.

पण गवताच्या प्रकरणातला एक प्रश्न डोक्यात राहिला. हरितद्रव्य शोषत नाही, हे ठीक. म्हणजे प्रकाश पानातून आरपार जायला हवा. परत का येतो? उत्तर पानाच्या आतल्या पोकळ्यांत आहे. पेशींच्या भिंती ओल्या आणि मधे हवा. पाण्यातून हवेत, हवेतून पाण्यात, प्रत्येक सांध्यावर प्रकाश थोडा वळतो, थोडा परततो. असे शेकडो सांधे पार करताना त्याची दिशाच हरवते आणि बराचसा आल्या बाजूने बाहेर पडतो.

हे वाचल्यावर वाळूचा ट्रे गच्चीत ठेवला. कोरडी वाळू: वर ८८,०००, खाली २६,५००, अल्बेडो ०.३०. मग फवाऱ्याने भिजवली. खाली १३,२००, म्हणजे ०.१५. बरोबर निम्मा. पाणी पारदर्शक, त्याने स्वतः काही शोषलं नाही, तरी वाळू काळी पडली. कारण कोरड्या वाळूत कण आणि हवा असे सांधे असतात, आणि तिथे वक्रीभवनात मोठा फरक असतो. पाणी मधल्या जागा भरतं तेव्हा तो फरक कमी होतो. प्रकाश मागे वळण्याऐवजी पुढेपुढेच घसरत खोल जातो आणि वाटेत कण त्याला थोडाथोडा गिळतात. शिवाय वरच्या पाण्याच्या पापुद्र्यातून बाहेर पडू पाहणारे तिरपे किरण आतूनच परत वळतात. हे दुसरं कारण स्वीडिश शास्त्रज्ञ अँडर्स ऑंगस्ट्रॉमने १९२५मध्येच मांडलं होतं, निरनिराळ्या जमिनींचे अल्बेडो मोजता मोजता. म्हणजे आपल्या छंदाला शंभर वर्षं झाली.

ट्रे वाळताना बघण्यासारखा असतो. कडा आधी फिकट होतात आणि मधला काळा डाग आक्रसत जातो. मी दर दोन मिनिटांनी रीडिंग घेतलं. आकडा सावकाश चढत नाही. बराच वेळ हलतच नाही, आणि वरचा थर सुटला की भराभर चढतो. आलेख चिकटवला आहे वहीत, पण त्या दिवशी वारा होता, त्यामुळे त्यातल्या मिनिटांवर जाऊ नका. आकार तेवढा बघा.

याच्या उलट प्रयोग फ्रीझरमध्ये फुकट होतो. बर्फाचा स्वच्छ खडा काळ्या कागदावर ठेवला तर खालचा काळा रंग दिसतो. तोच खडा फडक्यात गुंडाळून कुटला की पांढराशुभ्र भुगा. पदार्थात काडीचा बदल नाही, फक्त बर्फ आणि हवा यांचे सांधे हजारो पटींनी वाढले. साबणाचा फेस, काचेचा चुरा, लाटेवरचा फेस, सगळ्यांचं तेच. पांढरा रंग त्या पदार्थात कुठे शोधायला जाऊ नका, तो हवेशी असलेल्या त्याच्या सीमांवर असतो.

आणि मग ढग. समुद्राचं पाणी डोक्यावरच्या सूर्याचा जेमतेम सहा टक्के प्रकाश परत पाठवतं. दिसणाऱ्या पृष्ठभागांत त्याच्याइतकं गडद फारसं काही नाही. तेच पाणी ढगात गेलं की साठ-सत्तर टक्के परत फेकतं. किती पाणी लागतं त्याला? मी हिशेब केला तेव्हा स्वतःचाच विश्वास बसेना, म्हणून इथे पूर्ण मांडते. साधारण थराचा ढग घ्या, ज्यातलं सगळं पाणी चौरस मीटरला १०० ग्रॅम भरतं. खाली पसरलं तर मिलिमीटरचा दहावा भाग जाडीचा पापुद्रा. थेंबांची त्रिज्या १० मायक्रोमीटर धरली, तर ढगाची प्रकाशीय जाडी (प्रकाशाच्या वाटेत ढग किती दाट आहे त्याचं माप) सुमारे १५ येते. प्रत्येक थेंब प्रकाश मुख्यतः पुढेच ढकलतो, त्यामुळे परत वळायला अनेक टप्पे लागतात. ते धरून सोप्या सूत्राने अल्बेडो ०.५३. मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढं पाणी अर्धा सूर्य परत पाठवतं! जमिनीवर सांडलं असतं तर तेच पाणी फरशी आणखी काळी करून मोकळं झालं असतं.

आता पाणी तेवढंच ठेवा आणि थेंब निम्म्या त्रिज्येचे करा. संख्या आठपट होते, प्रकाशीय जाडी दुप्पट, म्हणजे ३०, आणि अल्बेडो ०.६९. ढगात एक थेंबही पाणी न वाढवता. धुराचे, क्षारांचे कण हवेत जास्त असले की त्याच पाण्याचे जास्त आणि बारीक थेंब बनतात. वातावरणशास्त्रज्ञ शॉन टूमी यांनी १९७०च्या दशकात हा परिणाम मांडला. उपग्रहचित्रांत समुद्रावरच्या सपाट ढगांत जहाजांमागे उजळ रेघा दिसतात, त्या याच. १ जानेवारी २०२०पासून जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आणली, आणि त्या रेघा स्पष्टपणे कमी झाल्या. हवा स्वच्छ करायला गेलो आणि ढगांची थोडी चकाकी उतरली. यावर वाद घालायला मी केव्हाही तयार आहे, पण वेगळ्या नोंदीत.

ढगावर जाऊन मोजता येत नाही, म्हणून मी तो काचेच्या ट्रेमध्ये केला. खाली काळा कागद, वर पाणी, बाजूला दिवा, तिरपा सेन्सर. ड्रॉपरने दुधाचे थेंब. दुधातले स्निग्धाचे गोल कण ढगातल्या थेंबांची बऱ्यापैकी नक्कल करतात आणि शोषत जवळजवळ काहीच नाहीत. पांढऱ्या कागदाचं रीडिंग एक धरलं, तर नुसत्या पाण्याचं ०.०४. पहिला थेंब पडतो तेव्हा धुराची एक वेटोळी खाली उतरते, ट्रेच्या तळाशी टेकून उलटते आणि विरते. ढवळलं की पाणी निळसर. आठ थेंबांना ०.२५. सोळाला ०.४०, इथे खालचा काळा कागद दिसेनासा होतो. बत्तिसाला ०.५६. पुढचे बत्तीस थेंब घातले तर फक्त ०.७०. पहिल्या आठ थेंबांनी जेवढी भर घातली, त्याहून कमी शेवटच्या बत्तिसांनी घातली. म्हणून विरळ ढग थोडा दाट झाला तर फार फरक पडतो, आणि आधीच दाट असलेल्याला आणखी दाट केलं तर कुणाला कळतही नाही. त्या दुधाळ ट्रेला खालून डोळा लावला, तर तो मळकट राखाडी दिसतो. पावसाळी ढगाचं पोट काळं का, याचं उत्तर तिथेच मिळालं. प्रकाश शोषला जात नाही, तो वरच्या वर परत गेलेला असतो.

एवढं झाल्यावर हाव सुटली. गच्चीवरची फरशी झाली, ट्रे झाला, आता अख्खी पृथ्वी मोजायची. तिचा आकडा माहीत आहे, सुमारे ०.२९. सरासरी ३४० वॅट प्रति चौरस मीटर येतात, त्यातले १०० परत जातात. त्या शंभरातले पंचाहत्तरहून जास्त ढग आणि हवा यांचे, जमीन-समुद्र-बर्फ मिळून उरलेले. २०००पासून उपग्रहांवरची सेरेस उपकरणं हे सतत मोजतात. पण उपग्रहाविनाही एक वाट आहे: चंद्रकोरीचा अंधारा भाग. तो मंद दिसतो, कारण त्याच्यावर पृथ्वीवरून परतलेलं ऊन पडलेलं असतं. लिओनार्दो दा विंचीने सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला हे ओळखलं होतं, फक्त श्रेय त्याने समुद्रांना दिलं. त्याच्याकडे पायरॅनोमीटर असता तर समुद्र किती काळा असतो ते कळलं असतं. श्रेय मुख्यतः ढगांचं. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ आंद्रे दांजों यांनी १९२०च्या दशकात कोरीचा उजळ भाग आणि अंधारा भाग शेजारी-शेजारी आणून पृथ्वीचा अल्बेडो पद्धतशीर मोजायला घेतला.

माझा पहिला प्रयत्न परवा झाला आणि फसला. कोर आणि अंधारा भाग यांच्या उजेडात हजारो पटींचा फरक, त्यामुळे दोन वेगळी एक्स्पोजर घेतली. लांब एक्स्पोजरमध्ये कोरीचा उजेड लेन्समध्ये सांडून अंधाऱ्या भागावर पसरला, आणि मी जे मोजलं ते पृथ्वीचं ऊन नसून लेन्सवरची धूळच असावी. लेन्स पुसली आहे. कोर फ्रेमच्या बाहेर ठेवून फक्त अंधारी कड घ्यायची आणि कडेबाहेरच्या आकाशाचा उजेड वजा करायचा, असं ठरवलंय. पुढची तीन दिवसांची कोर येईपर्यंत ट्रेमध्ये दुधाऐवजी खडूची भुकटी घालून बघते. कुणी कोरीवर हा प्रयोग केला असेल तर एक्स्पोजरचे आकडे कळवा.